तळावली आणि दिवाड : गावच्या इगर्जी कुणी घडवल्या?

गोव्याच्या तिसवाडी महालात, गोवा वेल्ह्याच्या आसपास, तळावली नावाचे लहानसे गाव आहे. तिथली सांत आनाची इगर्ज (चर्च), म्हणजे लोकांच्या तोंडची ‘सांतान’, पाच मजल्यांच्या दर्शनी भागाची आणि दोन चौकोनी मनोऱ्यांची आहे. गावाच्या वस्तीशी तिचा आकार जुळत नाही. एखाद्या राजधानीत शोभेल असे हे बांधकाम शेता-खाजणांच्या मुलखात उभे आहे. ते १६८१ साली सुरू झाले आणि १६९५ साली पुरे झाले. त्यानंतर काही वर्षांतच मांडवीच्या पात्रातल्या दिवाड बेटावर, टेकडीच्या माथ्यावर, पिएदाद सायबिणीची इगर्ज आजच्या रूपात उभी राहू लागली आणि १७२४च्या सुमारास पूर्ण झाली. या दोन्ही वास्तूंची ओळख बहुतेक प्रवासपुस्तकांत ‘पोर्तुगीज चर्च’ या दोन शब्दांत उरकली जाते. राज्य पोर्तुगिजांचे, धर्म पोर्तुगिजांनी आणलेला, खांब-कमानी युरोपच्या, तेव्हा वास्तू पोर्तुगीज, असा हा सरळ हिशेब आहे. तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. वास्तू कुणाची हे ठरवताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पैसा कुणाचा होता, निवड कुणी केली आणि हात कुणाचे राबले. तळावली आणि दिवाडच्या इगर्जींना या तीन कसोट्या लावल्या, की त्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत गोवेकरांनी स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी घडवलेल्या गोमंतकीय वास्तू ठरतात.

सुरुवात पैशापासून करू, कारण तिथेच या इतिहासाची सर्वांत कडू बाजू आहे. आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवे जिंकले, तेव्हा गावांचा कारभार गावकाऱ्यांच्या, म्हणजे ग्रामसंस्थांच्या, हाती होता. जमीन सामाईक, तिचे उत्पन्न सामाईक, आणि त्यातून देऊळ, पुजारी, बांध-बंधारे, गावची कामे यांचा खर्च चाले. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था मोडली नाही. उलट १५२६ साली आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिचे रिवाज सनदेच्या रूपात नोंदवून घेतले, कारण महसूल गोळा करायला ती सोयीची होती. मात्र १५४०च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, आणि १५४१ साली देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामी लावण्यात आले. दिवाड बेटावरचे कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याच शतकात उद्ध्वस्त झाले. त्याचे लिंग पाण्यापलीकडे डिचोलीतल्या नार्व्यात नेण्यात आले आणि तिथले देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी उभारले, याची साक्ष तिथल्या शिलालेखात आहे. इगर्ज बांधायला जे धन लागले त्याचा उगम असा आहे. ते लिस्बनच्या खजिन्यातून आलेले नव्हते. गावच्या मातीतून पिकलेल्या भातातून आणि माडांच्या उत्पन्नातून ते आले. जबरदस्तीने वळवलेले असले, तरी ते गावचेच धन होते. पुढच्या पिढ्यांत गावकाऱ्या आणि इगर्जीभोवती उभ्या राहिलेल्या कोंफ्रारी (धार्मिक बंधुमंडळे) या दोन संस्थांनी बांधकाम, डागडुजी, फेस्त (सण), मेणबत्त्या, संगीत यांचा भार वाहिला. जुन्या देवळाभोवती गावाचा जो आर्थिक आणि मानाचा व्यवहार फिरत होता, तो आता इगर्जीभोवती फिरू लागला.

दुसरी कसोटी निवडीची. ती समजून घ्यायला सतराव्या शतकातल्या देशी पाद्रींची अवस्था पाहावी लागते. बाटलेल्या कुटुंबांतली मुले तोवर तीन-चार पिढ्या ख्रिस्ती संस्कारात वाढलेली होती. लॅटिन शिकलेली, धर्मशास्त्र पढलेली ही मुले पाद्री होऊ शकत. पण जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या मोठ्या संघांची दारे त्यांना बंद होती. धर्मप्रांताचे साधे पाद्री म्हणून त्यांनी राबावे आणि मान मात्र युरोपातून आलेल्यांना मिळावा, अशी रीत होती. दिवाड बेटावरच्या नावेली गावचे मातेउश द काश्त्रो हे या अन्यायाचे सर्वांत ठळक उदाहरण. गोव्यात डावलले गेल्यावर ते थेट रोमला गेले, तिथे पाद्री झाले, आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. आदिलशाही मुलखाचे धर्माधिकारी म्हणून ते डिचोलीला येऊन राहिले, तेव्हा गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना कधी बिशप म्हणून मनापासून मानले नाही. १६७७ साली रोममध्येच त्यांचा अंत झाला. पुढच्या पिढीने दुसरी वाट धरली. गोमंतकीय ब्राह्मण पाद्रींनी ओराटोरियन संघाची देशी शाखा उभारली. बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ १६८५ साली तिचे प्रमुख झाले आणि १६८७ साली सिलोनला गेले. डच अमलाखाली चिरडल्या गेलेल्या तिथल्या कॅथलिकांत त्यांनी जन्मभर काम केले. १७११ साली कँडीला त्यांचे निधन झाले, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले. आपण कुणाहून कमी नाही हे सिद्ध करण्याची आस या साऱ्या पिढीत होती. तळावलीची इगर्ज नेमकी याच वर्षांत वर चढत होती.

आता त्या वर्षांचे चित्र नीट पाहिले पाहिजे. १६८१ साली तळावलीत विगार (इगर्जीचे प्रमुख पाद्री) मोंसिन्योर फ्रान्सिस्को दो रेगो यांच्या पुढाकाराने काम सुरू झाले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १६८३ मध्ये, छत्रपती संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी दिवाडला लागूनच असलेल्या जुवे बेटावरचा किल्ला एका रात्रीत घेतला. तो परत मिळवायला गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जखमी होऊन माघारी फिरला. राजधानी पडणार या भयाने त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाजवळ ठेवला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे मराठी फौजांनी सासष्टी आणि बारदेशात धुमाकूळ घातला, आणि मोगल शहजादा शाह आलम चालून आल्यामुळेच पोर्तुगिजांवरचे संकट टळले. या धक्क्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचे बेत सुरू झाले. २७ जून १६८४ रोजी त्याच व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि आपली बोली सोडावी, असे फर्मान काढले. रोगराईने पोखरलेले गोवे शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, ओस पडत चालले होते. १६९५ साली, म्हणजे तळावलीची इगर्ज पुरी झाली त्याच साली, व्हाइसरॉयचा निवास शहर सोडून पणेलीला गेला. सत्ता आक्रसत होती, शहर ढासळत होते, खजिना रिता होता. अशा वेळी चार मैलांवरच्या एका गावात पाच मजली इगर्ज बांधायला सत्तेजवळ ना पैसा होता ना सवड. ती बांधायची ऊर्मी गावाजवळ होती. आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या यांच्या देखरेखीखाली ते काम तडीस गेले. राजधानी खचत असताना गावे बांधत होती, हा कालक्रमच माझ्या म्हणण्याचा पहिला मोठा पुरावा आहे.

दुसरा पुरावा खुद्द वास्तूत आहे. सांतानचा दर्शनी भाग आडव्या पट्ट्यांनी पाच मजल्यांत विभागलेला आहे आणि दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे त्याला घट्ट धरून आहेत. मनोऱ्यांवर कठडे आणि टोकदार कळस आहेत. मधल्या भागात जोडखांब, कमानदार खिडक्या आणि कोनाडे एकावर एक चढत जातात. आत एकच लांब दालन आहे. वर अर्धगोल छत, दोन्ही भिंतींत खिडक्यांच्या रांगा, आणि टोकाला सोनेरी मुलाम्याच्या कोरीव लाकडाची मुख्य वेदी. भिंती भक्कम दिसतात, पण त्या भरीव नाहीत. जाड भिंतींच्या पोटात वाट ठेवलेली आहे आणि तिच्यातून कबुलीजबाबाच्या जागांपर्यंत जाता येते. कोनाड्यांच्या आणि खिडक्यांच्या माथ्यावर शिंपल्याच्या आकाराची नक्षी पुन्हा पुन्हा येते. तिच्यासोबत फुले आणि वेली आहेत. युरोपातल्या बरोक वास्तूत शिंपला हा एक छोटा अलंकार असतो. इथे तोच सबंध दालनाला लय देणारा मुख्य घटक झाला आहे. त्यामुळे ऊन आत येते तेव्हा ते सपाट भिंतीवर पडत नाही. खोलगट शिंपल्यांच्या घड्यांमध्ये ते विरत जाते. या दालनाचे सगळे नाट्य प्रकाशावर बेतलेले आहे. जोझे परेरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी गोव्यातल्या अशा वास्तूंना ‘भारतीय बरोक’ म्हटले आणि सांतानला त्यात मानाचे स्थान दिले, ते या गुणांमुळे.

यावर पहिला आक्षेप साहजिकच येतो. जोडखांब, अर्धगोल छत, त्रिकोणी माथे, शिंपले हे सारे युरोपच्या वास्तुग्रंथांतून आलेले आहे. मग गोवेकरांनी नवे काय केले? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. खांबांची प्रमाणे आणि कमानींची वळणे इटली-पोर्तुगालमधूनच आली. पण घटक कुठले एवढ्यावरून रचना कुणाची ते ठरत नाही. सांतानचा नमुना शोधायला लिस्बनला जावे लागत नाही; तो जुन्या गोव्यातच होता. ऑगस्टिनियनांची ग्रासा सायबिणीची इगर्ज १५९७ साली सुरू होऊन १६०२ साली पूर्ण झाली. तिचा दर्शनी भाग उंच मनोऱ्यांच्या जोडीत बसवलेला होता. मठ १८३५ साली रिकामा झाला, छत १८४२ साली कोसळले, दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली पडला. आज उरलेला तुटका मनोरा पाहायला लोक येतात. तळावलीच्या लोकांनी आपल्या इगर्जीसाठी हा नमुना निवडला, तेव्हा तो सत्तर-ऐंशी वर्षांचा, त्यांच्या रोजच्या पाहण्यातला, स्थानिक झालेला नमुना होता. सेंट पीटर्सच्या धर्तीवरचे, थियाटिन संघाने सतराव्या शतकाच्या मध्यास बांधलेले सेंट कायतानचे चर्चही जवळच उभे होते. ताज्या रोमन वळणाचे ते उदाहरण समोर असूनही गावकऱ्यांनी ते उचलले नाही. मुद्दाम केलेली निवड म्हणतात ती हीच. पोर्तुगीज वास्तु-इतिहासकार पाउलो वारेला गोमीश यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले. गोव्यातल्या इगर्जी हा स्वतंत्र वास्तुप्रकार आहे, पोर्तुगालमध्ये त्याचे जुळे सापडत नाही, आणि तो घडवण्यात देशी पाद्रीवर्गाचा निर्णायक वाटा आहे, असे ते सांगतात. हा निष्कर्ष एका पोर्तुगीज विद्वानाने काढला आहे, म्हणून त्याला देशाभिमानाचा दोष लावता येत नाही.

तिसरी कसोटी हातांची. गोव्याचा दगड जांभा. तो खाणीतून सहज कापता येतो, पण सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. राजधानीतल्या मोठ्या चर्चना कोरीव कामासाठी वसईकडून काळा दगड आणवला गेला. जुन्या गोव्यातल्या बों जेझुस चर्चच्या दर्शनी भागात तो दिसतो. गावाला हे परवडणारे नव्हते. म्हणून गावच्या इगर्जीत जांभ्याच्या भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा अशी जोडी ठरून गेली, आणि सारी नक्षी चुन्यात आली. चुना भिजवणे, मळणे, ओला असेतोवर आकार देणे हे इथल्या गवंड्यांचे पिढीजात कसब. गोव्याच्या पावसात उघडा जांभा झिजतो, म्हणून दरवर्षी पाऊस सरला की सफेदी करायची हेही ठरलेले. खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने लाकडी चौकटीत बसवली जात. उन्हाची धार मोडावी आणि उजेड मात्र यावा, ही त्यातली सोय होती. या कामांत हिंदू कारागीर होते का? धर्मपरिषदांचे निर्णयच याचे उत्तर देतात. १५६७च्या प्रांतिक परिषदेपासून चर्चच्या वस्तू घडवण्याचे काम बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नये अशी बंदी घातली गेली, आणि अशा बंद्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या. काम त्यांच्याकडे जातच नसते, तर मनाई करायचे कारण पडले नसते. हाताची ही सवय इगर्जी आणि देवळे अशा दोन्हीकडे वावरत होती, याचा पुरावा सीमेपलीकडे फोंड्यात मिळतो. तिसवाडी-सासष्टीतून हलवलेल्या देवांची नवी देवळे तिथे उभी राहिली. शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने १७३८ साली झालेले कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ त्यांतलेच. त्याचा घुमट, कमानदार खिडक्या, भिंतीतले चपटे खांब आणि मजल्या-मजल्यांनी वर जाणारी फोंड्याकडची दीपमाळ पाहिली, की इगर्जीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हा मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. देवळे बांधणाऱ्यांना ही शैली शत्रूची वाटली असती, तर आपल्याच देवाच्या घराला त्यांनी ती कशाला लावली असती? त्यांना ती गोव्याची वाटली, म्हणून लावली.

तरी एक शंका उरते. गावाचा पैसा आणि गवंड्यांचे हात मान्य केले, तरी आखणी एखाद्या युरोपीय पाद्रीने करून दिली नसेल कशावरून? या शंकेला दिवाड उत्तर देते. पिएदादच्या इगर्जीच्या रचनेचे श्रेय आंतोनियो जुआंव द फ्रियाश या गोमंतकीय पाद्रीला दिले जाते. फ्रियाश तळावलीचेच, जन्म १६६४ सालचा. सांतानचा पाया घातला गेला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, पुरी झाली तेव्हा एकतीस वर्षांचे. म्हणजे आपल्या गावात एक मोठी वास्तू पायापासून कळसापर्यंत चढताना पाहतच हा माणूस वाढला, आणि तिचाच धडा त्याने दिवाडच्या टेकडीवर नेला. ग्रासा, सांतान आणि पिएदाद असे तीन दर्शनी भाग ओळीने मांडून पाहिले, की दोन मनोऱ्यांत बसवलेली मजलेदार रचना एकातून दुसऱ्यात कशी उतरली ते लगेच ध्यानात येते. पहिली इगर्ज युरोपीय संघाची, दुसरी गावची, तिसरी गावच्या मुलाने आखलेली. वास्तुशैली परक्या हातातून आपल्या हातात येण्याची ही पायरी-पायरीची वाट आहे. फ्रियाश यांनी लेखनातही हाच दावा केला. त्यांचा ‘आउरेओला दुश इंदियुश’ हा ग्रंथ १७०२ साली लिस्बनमध्ये छापला गेला. गोव्याच्या ब्राह्मणांचे कुळ किती प्राचीन आणि किती थोर, हे बायबल आणि पुराणेतिहासाचे दाखले देऊन तो मांडतो. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या राजांपैकी एक याच कुळातला होता, अशी परंपराही तो पुढे आणतो. ज्याने पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगालच्या राजधानीत, आपल्या लोकांची थोरवी छापून दाखवली, त्यानेच ती जुन्या गोव्याच्या समोरच्या टेकडीवर दगड-चुन्यात उभी केली. या दोन कृती एकाच मनातून निघाल्या आहेत, आणि दिवाडच्या इगर्जीकडे पाहताना त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे यायला हवे. ज्या टेकडीवर पिएदादची इगर्ज आहे, तिथे आधी देऊळ होते. जवळच्या दफनभूमीतल्या छोट्या कपेलात (प्रार्थनाघरात) कदंबकाळाचे कोरीव अवशेष आजही दिसतात. पाडलेल्या देवळांच्या जागी, देवळांच्याच जमिनींच्या उत्पन्नावर, १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) दहशतीखाली जे उभे राहिले, त्याला गोवेकरांची निर्मिती म्हणून गौरवणे म्हणजे जुलमावर पांघरूण घालणे नव्हे काय? हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यामागे खऱ्या वेदना आहेत. पण याचे उत्तर देताना दोन काळ एकमेकांत मिसळू नयेत. देवळे पाडणारे १५४०चे अधिकारी आणि १६८१ साली पाया घालणारे विगार यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षांचे, पाच-सहा पिढ्यांचे अंतर आहे. जे बाटवले गेले त्यांच्या खापरपणतवंडांना ख्रिस्ती धर्म हाच जन्मापासूनचा धर्म होता. ज्या सत्तेने त्यांच्या पूर्वजांचा देव हिरावला, तिच्याच संघांत त्यांना प्रवेश नव्हता, आणि तिनेच त्यांना आपली बोली सोडा असे बजावले. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच वंशजांची ही कृती आहे. तिला पोर्तुगीज म्हणून मोकळे होणे हा त्या वंशजांवरचा दुसरा अन्याय ठरतो, कारण त्यांच्याकडून आधी देऊळ गेले आणि मग इगर्जीचे श्रेयही. सप्तकोटेश्वराचा विध्वंस सांगितल्याशिवाय दिवाडचा इतिहास पुरा होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. फ्रियाश यांचे नाव घेतल्याशिवायही तो पुरा होत नाही. एका सत्याने दुसरे सत्य खोटे पडत नाही. नार्व्याचे देऊळ आणि दिवाडची इगर्ज पाण्याच्या एकेका काठावर उभी आहेत, आणि इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही काठ पाहायला हवेत.

आणखी एक आक्षेप आतून येतो आणि तो मला अधिक बोचरा वाटतो. या इगर्जी गोवेकरांच्या म्हणायच्या, तर कुठल्या गोवेकरांच्या? फ्रियाश यांचा ग्रंथ ब्राह्मणांचे गुणगान गातो. त्याला उत्तर म्हणून १७१३ साली लिस्बनमध्येच छापलेला लियोनार्दो पाइश यांचा ग्रंथ चारडो ही ख्रिस्ती गोवेकरांतली जात हेच खरे क्षत्रिय असे सांगतो. धर्म बदलला, तरी जात गेली नाही. कोंफ्रारी जातवार राखीव असत. कुणी कुठला झगा घालावा, मिरवणुकीत कुणी पुढे चालावे, फेस्ताचा मान कुणाचा, हे जातीवर ठरे, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. गावकार हे मूळ जमीनदार घराण्यांचे प्रतिनिधी होते. शेतात राबणाऱ्या कुणब्या-गावड्यांना त्यांच्या सभेत आवाज नव्हता. तेव्हा सांतान आणि पिएदाद यांना ‘साऱ्या गावाने एकदिलाने बांधलेल्या’ इगर्जी म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. उच्चवर्णीय देशी पाद्री आणि गावकार यांनी युरोपीयांच्या बरोबरीचा मान मागताना उभारलेल्या या वास्तू आहेत. तो मान आपल्या खालच्यांना द्यायची त्यांची तयारी नव्हती. मात्र या कबुलीने मूळ मुद्दा ढळत नाही. खजुराहो चंदेलांचे आणि वेरूळचे कैलास राष्ट्रकूटांचे म्हणताना आपण तिथल्या पाथरवटांची हलाखी विसरत नाही, आणि म्हणून त्या लेण्या-देवळांना परकीयही ठरवत नाही. हाच न्याय तळावलीलाही मिळायला हवा. बांधणाऱ्यांची सामाजिक मर्यादा दाखवणे वेगळे आणि बांधणाऱ्यांचेच अस्तित्व नाकारणे वेगळे.

शिवाय वास्तू बांधून झाली की तिची मालकी वापराने पसरते. सांतानच्या जन्माची जी कथा गावात सांगतात, तिच्यात ना व्हाइसरॉय आहे ना आर्चबिशप. डोक्यावर टोपी आणि हातात काठी घेतलेली एक म्हातारी डोंगर उतरून गावात आली आणि आपण इथेच राहणार म्हणाली. ती सांत आना होती, अशी ही कथा आहे. देवीने स्वतः येऊन गावाची निवड करावी, ही कोकणातल्या अनेक ग्रामदेवतांच्या कथांची घडण इथे जशीच्या तशी उतरली आहे. जुलै महिन्याच्या अखेरच्या रविवारी सांतानचे ‘तवशांचे फेस्त’ भरते. मूल व्हावे म्हणून जोडपी म्हाताऱ्या सांत आनाला तवसे, म्हणजे काकडी, अर्पण करतात. उतारवयात मेरीची आई झालेल्या आनाकडे हे मागणे येणे ख्रिस्ती परंपरेत बसते. पण पावसाळ्याच्या मध्यात मळ्यात नुकतेच धरलेले बियाळ फळ घेऊन संततीसाठी देवीपुढे जाणे ही या मातीची रीत आहे. या फेस्ताला हिंदूही येतात. दर्शनी भागावर मान मागणाऱ्या विद्वान पाद्रींचा ठसा असेल, पण दालनातली गर्दी साध्या माणसांची आहे, आणि त्यांनी ही इगर्ज आपल्या देवीच्या घरासारखी वापरली आहे.

हा वाद केवळ श्रेयाचा नाही. त्याचे परिणाम वास्तूंच्या आयुष्यावर होतात. राजधानीतली चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १९८६ सालीच गेली, कारण त्यांच्यामागे साम्राज्याची कहाणी होती. गावच्या इगर्जी मात्र त्याच कहाणीची दुय्यम प्रत समजल्या गेल्या आणि मागे पडल्या. सांतानची अवस्था इतकी बिघडली की न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००० साली तिला जगातल्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत घेतले. एखादी वास्तू दुसऱ्याच्या वास्तूची नक्कल समजली गेली की तिच्यावर खर्च करायला कुणी पुढे येत नाही. ती एका स्वतंत्र परंपरेचा उत्कर्षबिंदू आहे असे कळले, की तिची चुन्याची नक्षी सिमेंटने लिंपण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. गोव्यातल्या कित्येक इगर्जींत डागडुजीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा चढतो आहे. तो जांभ्यातला ओलावा आत कोंडतो, आणि काही पावसाळ्यांत भिंत आतून कुजते. चुन्याने श्वास घेणारी भिंत टिकवायची, तर चुन्याचे कसब जाणणारे गवंडी टिकवावे लागतील. त्यासाठी ही कला आपली आहे हे आधी मानावे लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. तळावली आणि दिवाडच्या फलकांवर, शाळेच्या पुस्तकांत आणि प्रवासाच्या माहितीत ‘पोर्तुगीज चर्च’ ही नोंद बदलावी. त्या जागी फ्रान्सिस्को दो रेगो, आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या आणि आंतोनियो जुआंव द फ्रियाश यांची नावे यावीत. गावकारीच्या पैशाचा आणि पाडलेल्या देवळांचाही उल्लेख यावा. महाराष्ट्रातून दरवर्षी लाखो लोक गोव्याला जातात आणि बों जेझुस पाहून परततात. त्यांनी फेरीबोटीने दिवाडला जावे, वाट थोडी वाकडी करून तळावली गाठावी. कोकणी माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी जांभ्यात आणि चुन्यात काय करून दाखवले, ते तिथे उभे आहे, आणि ते आपल्याच इतिहासाचा भाग म्हणून पाहिले पाहिजे.